शुक्रवारच्या एकशे वीस टाक्या

पिंपरीजवळच्या एका मोठ्या कारखान्यात मी तपासणी खात्यात लागलो तेव्हा माझं तेविसावं वर्ष सरलं होतं. बार्शीकडचा मी. मॅट्रिकनंतर दोन वर्षं तांत्रिक शाळेत काढली होती आणि अक्षर चांगलं होतं. पुढे कळलं, की मला घेतलं ते मुख्यतः अक्षरासाठी. कारखाना पंपाचे स्टोव्ह बनवायचा आणि त्या वर्षी मालकांना स्टोव्हवर सरकारी मानकाचा छाप मारण्याचा परवाना हवा होता. छाप असला की सरकारी वसतिगृहं, दवाखाने, कॅन्टीन सगळीकडे माल जाणार होता. पण परवान्यासाठी नुसता चांगला माल पुरत नव्हता. स्टोव्हची प्रत्येक रॉकेलची टाकी कुठून आली, तिचा पत्रा कुठला, सांध्याचा डाख कुठला, ती कोणी तपासली आणि कधी, हे सगळं कागदावर दिसायला हवं होतं. तो कागद ठेवायचं काम माझं.

पितळी टाक्या आमच्याकडे बनत नसत. पुण्यातल्या एका वर्कशॉपमधून त्या तयार होऊन यायच्या. प्रत्येक लॉटबरोबर एक दाखला असायचा, त्यात पत्र्याची जाडी आणि डाखातल्या कथलाचं प्रमाण लिहिलेलं असायचं. मी दाखला फायलीला लावायचो आणि टाक्या हौदावर पाठवायचो.

हौद म्हणजे शेडच्या मागच्या बाजूला बांधलेली सिमेंटची लांबट टाकी. तिच्याभोवती चार बायका बसायच्या. स्टोव्हच्या टाकीत हवा भरायची, ती पाण्याखाली दाबून धरायची आणि सांध्यातून बुडबुडा येतो का ते पाहायचं. नाही आला, तर टाकी पुसून बुडाशी आपल्या नंबराचा ठसा हातोडीने उमटवायचा. चौघींचे चार नंबर होते. टाकी उद्या कुठेही गेली, तरी ती कोणाच्या डोळ्यांखालून गेली ते कळावं, म्हणून ही पद्धत. ठसे रात्री माझ्या खणात कुलपात असायचे.

सात नंबरचा ठसा ज्यांचा होता त्यांना सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो. चाळिशीच्या असतील. चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. नवरा गेल्यावर बहिणीकडे चिंचवडच्या गावठाणात राहायला आल्या होत्या आणि तिथून पायी कारखान्यात यायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांची नजर अशी होती, की मोहरीएवढा बुडबुडा पाण्यात सुटायच्या आधीच त्या टाकी बाजूला काढायच्या. बाकीच्या तिघींना शंका आली की त्या टाकी मावशींपुढे धरायच्या. मावशी बघायच्या आणि म्हणायच्या, "हाय," किंवा "न्हाई." एवढंच. त्यावर कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे. आमच्या साहेबांनाही ते माहीत होतं. एखाद्या टाकीवर सात असलं की ते ती उलटी करून बघायचेसुद्धा नाहीत.

साहेब म्हणजे खात्याचे प्रमुख. पुण्याचे, वयस्कर, स्वभावाने मऊ. आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

त्या आठवड्यात मंगळवारी सरकारी तपासनीस यायचे होते. शिवाय परवाना मिळणार या भरवशावर आधीच आलेल्या एका सरकारी ऑर्डरच्या एकशे वीस स्टोव्हांचा ट्रक सोमवारी सकाळी निघणार होता. त्यांच्या टाक्या गुरुवारी संध्याकाळी आल्या. शुक्रवारी तपासून घ्यायच्या असं ठरलं होतं, पण तपासनीस येणार म्हणून साहेबांनी हौद स्वच्छ करायला काढला. पाणी गढूळ झालं होतं, तळाशी शेवाळ होतं. दुपारपर्यंत चौघी तो घासत बसल्या. मग पाणी भरेपर्यंत संध्याकाळ झाली. मावशींनी कशाबशा चाळीस टाक्या केल्या, त्याही आधीच्या लॉटमधल्या. शनिवारी मावशींची रजा होती, भावाच्या मुलीचं लग्न होतं गावाकडे. बाकीच्या तिघी दुसऱ्या मालाला लागल्या आणि शनिवारच्या अर्ध्या दिवसाचा दोनचा भोंगा झाल्यावर निघून गेल्या. एकशे वीस टाक्या तशाच राहिल्या.

साहेब घरी जाताना माझ्या टेबलाशी थांबले.

"बांधणीची माणसं मी ओव्हरटाइमवर थांबवली आहेत," ते म्हणाले. "साडेतीनपर्यंत टाक्या त्यांच्याकडे द्या. काय ते बघा तुम्ही."

"तपासायला कोणी नाही, साहेब."

"तुम्ही आहात की."

ते खरंच होतं. मला तपासता येत होतं. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि हौदाशी बसलो.

आणि इथे मला माझी अडचण सांगितली पाहिजे, कारण ती फार साधी होती. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मला पुण्यात मुलगी बघायला जायचं होतं. मामांनी ठरवलेलं. चिंचवड स्टेशनवरून चारनंतरची लोकल मिळाली नाही तर वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. मला ना धमकी होती, ना लालूच. मला एक गाडी पकडायची होती, इतकंच.

वीस टाक्या मी नीट तपासल्या. एकाही टाकीत दोष नव्हता. त्यात एक तास गेला. बोटं पांढरी पडली, गुडघे भिजले. उरलेल्या शंभर टाक्या ओळीत मांडलेल्या होत्या आणि मला त्या पहिल्या विसांसारख्याच दिसत होत्या. मी मनाशी म्हटलं, लॉट चांगला आहे. दाखलाही आहे. मी खण उघडला आणि ठसा घेतला.

माझा स्वतःचा नंबर नव्हता. चारांपैकी कुठला तरी घ्यायचा होता. मी सात घेतला. हाताला आला म्हणून घेतला असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं आहे. सात नंबरच्या टाक्या कोणी उलट्या करून बघत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तो घेतला. अर्ध्या तासात मी एकशे वीस ठसे मारले, टाक्या बांधणीला दिल्या आणि स्टेशनकडे सायकल हाणली. गाडी मिळाली. मुलगी मला पसंत पडली, तिलाही मी पडलो असेन. आमचं लग्न त्या संध्याकाळी जमलं.

सोमवारी वही भरायला बसलो. शनिवारची तारीख घालता येईना, कारण हजेरीपटावर मावशींची रजा होती. शुक्रवारच्या पानावर मात्र खाली जागा होती. हौद घासण्यात दिवस गेल्यामुळे त्या पानावर नोंदीच कमी होत्या. तिथे मी मावशींच्या चाळिसाखाली आणखी एक ओळ लिहिली: टाक्या एकशे वीस, नंबर सात, निर्दोष. मंगळवारी सरकारी तपासनीस आले. त्यांनी दाखल्यांची फाइल चाळली, वही चाळली, ते पानही बघितलं. एका बाईच्या हातून एका दिवसात शंभर-सव्वाशेच्या वर टाक्या होत नाहीत, हे त्यांना कुठून माहीत असणार. ते साहेबांना म्हणाले, "वही फार नीटनेटकी ठेवली आहे." साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. पुढच्या महिन्यात परवाना आला आणि आम्हाला सगळ्यांना पेढे मिळाले. मावशींनी त्यांचा पेढा बहिणीच्या नातवासाठी कागदात बांधून घेतला.

तीन-साडेतीन महिन्यांनी एक पोतं आलं. त्यात एक टाकी होती आणि बरोबर पत्र. एका तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात तो स्टोव्ह गेला होता. सांध्यातून रॉकेल झिरपलं, पेटलं, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पत्र वसतिगृहाच्या अधीक्षकांचं होतं. त्यांनी विचारलं होतं, की तपासणीचा ठसा असलेल्या वस्तूचं असं कसं झालं.

टाकी माझ्याच टेबलावर ठेवली होती, कारण ती कोणी तपासली हे शोधायचं काम माझं होतं. ती उलटी करायच्या आधीच मला कळलं होतं. तरी मी ती उलटी केली.

साहेबांनी चौकशी केली. परवाना नवा होता, सरकारी खात्याला उत्तर द्यायचं होतं. टाकीवर सात, वहीत शुक्रवार, खाली माझी सही. सगळे कागद एकमेकांशी जुळत होते, आणि कागद जुळले की चौकशी संपते. शनिवारी मला हौदाशी बसायला सांगणारे साहेबच होते; ते त्यांना आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, मला कळलं नाही. त्यांनी मला एकदाच विचारलं, "नोंद बरोबर आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

लग्नाला महिना झाला होता. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं, तर त्याहून मोठी होती ती लाज. वही नीटनेटकी ठेवणारा माणूस ही माझी त्या कारखान्यातली ओळख होती.

एक गोष्ट मात्र मी केली. त्या लॉटमधले सगळे स्टोव्ह परत मागवावेत म्हणून मी साहेबांच्या मागे लागलो. ते म्हणाले, एका टाकीसाठी कशाला. मी म्हणालो, एकीत दोष निघाला तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा. त्यांनी शेवटी पत्रं पाठवली. ऐंशीच्या वर स्टोव्ह परत आले आणि त्यांच्या टाक्या मी एकट्याने हौदात धरल्या. नऊ गळत होत्या. वर्कशॉपने त्या वेळी डाखात कथील कमी आणि शिसं जास्त घातलं होतं. दाखल्यावर मात्र नेहमीचंच प्रमाण लिहून पाठवलं होतं. म्हणजे त्यांनीही माझ्यासारखंच केलं होतं. त्यांचं काम काढून घेतलं गेलं. माझी मात्र साहेबांनी पाठ थोपटली, की तुमच्या आग्रहामुळे पुढचा अनर्थ टळला. तीसेक टाक्या कधीच परत आल्या नाहीत. त्या कुठे होत्या, कोणाच्या स्वयंपाकघरात होत्या, मला माहीत नाही.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या टेबलाशी आल्या. हात ओलेच होते, ते त्यांनी पदराला पुसले. त्यांना हौदावरून काढून लेथच्या शेडमध्ये झाडायला घातल्याचं साहेबांनी सकाळी सांगितलं होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या. मला त्या साहेबच म्हणायच्या, मी त्यांच्या मुलाच्या वयाचा असलो तरी. "त्या वहीत माझं काय लिवलंय त्येवढं वाचून दावा."

मी वही काढली. पान मला शोधावं लागलं नाही, पण मी शोधल्यासारखं केलं.

"शुक्रवार," मी वाचलं. "टाक्या एकशे वीस. नंबर सात. निर्दोष."

त्या आठवत होत्या.

"शुक्रवारी हौदाचं पानी बदललं व्हतं न्हवं?" त्यांनी विचारलं. "दुपारपातुर आमी हौदच घासत व्हतो."

आता मला वाटतं, त्या क्षणी मला सगळं सांगता आलं असतं. खात्यात आम्ही दोघंच होतो. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, त्यांना फक्त आपला दिवस आठवून घ्यायचा होता. आणि ज्या माणसाला वाचता येतं त्याच्याकडे त्या त्यासाठी आल्या होत्या.

"तो गुरुवार, मावशी," मी म्हणालो.

"गुरुवार?"

"हो. शुक्रवारी टाक्याच होत्या."

त्यांनी वहीकडे बघितलं. माझी अक्षरं सुबक, सरळ ओळीत होती. त्यांना त्यातलं एकही कळत नव्हतं.

"मग माझंच चुकलं आसंल," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या बाईचा हात बरा हाय का वो?"

"बरा होतोय म्हणून कळवलंय," मी म्हणालो. तेही खोटं होतं, तसं काही कळवलेलं नव्हतं.

त्या पंधरा दिवस झाडायला आल्या. लेथवरचा लोखंडी कीस हाताला लागतो, बोटं कापतात, तरी त्या काही बोलल्या नाहीत. फक्त दुपारच्या सुट्टीत हौदाकडे भाकरी खायला जायच्या बंद झाल्या. मग एका सोमवारपासून कामावरच आल्या नाहीत. बहिणीच्या घरून निरोप आला, की गावाला गेल्या. त्यांना कोणी काढलं नव्हतं, म्हणून कोणाला काही लिहावंही लागलं नाही.

वर्ष गेलं. कामगारांना सवलतीत स्टोव्ह मिळायचा, आमच्या चिंचवडच्या खोलीतही तोच होता. बायको तो पेटवायला बसली की मी तिला थांबवून आधी टाकी उलटी करून बघायचो, सांध्यावरून बोट फिरवायचो. रोज. एकदा तिने काकडा हातात तसाच धरून विचारलं, "तुमच्या कारखान्याचाच ना हा? मग रोज काय बघता?"

मी तिला सगळं सांगितलं. शनिवारची गाडीसुद्धा सांगितली. तिने काकडा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मला बघायला यायचं होतं म्हणून."

"तसं नको म्हणूस."

"तसंच आहे ते." तिने स्टोव्ह बाजूला सरकवला. "त्या बाईंना कळलंय का?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग?"

त्या दिवशी तिने शेजारणीच्या शेगडीवर भात करून आणला आणि माझ्याशी कामापुरतंच बोलली. पुढच्या रविवारी सकाळी मी न सांगता सायकल बाहेर काढली तेव्हा तिने विचारलं नाही कुठे निघालात म्हणून. फडक्यात दोन पोळ्या बांधून दिल्या.

भोसरी, मोशी करत, इंद्रायणी ओलांडून मी गेलो. गावात विचारत विचारत त्यांच्या दिराच्या शेतावर पोचलो. कांद्याची काढणी चालू होती. मावशी आणि दोन-तीन बायका बांधाशी बसून कांद्याची पात कापत होत्या. मला बघून त्या उठल्या, कपाळावर पदर ओढून म्हणाल्या, "साहेब? तुमी हिकडं?" त्यांना वाटलं, आणखी काही चौकशी निघाली.

त्यांनी मला आंब्याखाली बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. जवळच त्यांच्या पुतण्याची बायको सुपात तूर निवडत होती. मावशींनी तिच्याकडून सूप घेतलं, थोडं निवडलं आणि परत तिच्यापुढे धरलं.

"बघ गं, खडं न्हाईत न्हवं?"

तिने बघितलं. "न्हाईत, आत्याबाई."

"नीट बघ."

मला वाटलं, डोळे अधू झाले असतील. मी तसं विचारलं.

"दिसतंय की," त्या म्हणाल्या. "पर दिसतंय त्येच्यावर इस्वास ऱ्हायला न्हाई. त्या टाकीतनं बुडबुडा आला आसंल आन् मला दिसला न्हाई. मग आता खडा तरी कशावरनं दिसंल?"

मी पुतण्याच्या बायकोसमोरच सांगितलं. ती उठून गेल्यावर सांगावं असं मनात आलं होतं, पण थांबलो असतो तर माझ्याच्याने झालं नसतं. शनिवार सांगितला, वीस टाक्या सांगितल्या, ठसा मी मारला ते सांगितलं. शुक्रवारीच हौदाचं पाणी बदललं होतं, तुमचं बरोबर होतं, हेही सांगितलं.

मावशींनी शेजारी ठेवलेला विळा उचलला. पुतण्याच्या बायकोने सूप खाली ठेवलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं बघणं मला सोसलं नाही.

"शुक्रवारच व्हता," मावशी शेवटी म्हणाल्या.

"हो."

"मला याद व्हतं. शेवाळानं माझी बांगडी निसटली व्हती, पान्यात गेली. गुरुवारी न्हाई, शुक्रवारीच. पर तुमी वाचून दावलं, मग मी म्हनलं लिवल्यालं काय खोटं आसंल." त्या थांबल्या. "वाचताना तुमी वर बघितलं न्हवतं. म्हनलं, लाजत्यात, माझ्यासाठी वाईट वाटतंय म्हनून."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते कळलं नाही. त्या हातातल्या विळ्याने जमीन टोकरत होत्या.

"मावशी, मी साहेबांना लेखी देतो. तुम्हाला परत हौदावर घेतील."

"लेखी द्या न्हाईतर नका देऊ, मला काय वाचता येतंय," त्या म्हणाल्या. "हौदावरच्या बायांना तोंडानं सांगा. त्या तिघी माझ्या संगट बसून भाकरी खायाच्या. त्यास्नी वाटतंय, माझ्यानं त्या बाईचा हात जळला. मी त्यांच्याम्होरं परत गेलेच न्हाई."

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी हौदावर गेलो. तिघींपैकी एक सोडून गेली होती, तिच्या जागी नवी होती. त्या डबे सोडून बसल्या होत्या. मी उभा राहून सांगितलं. मध्येच एकदा सुरुवातीपासून पुन्हा सांगावं लागलं. सांगून झाल्यावर त्यातली थोरली म्हणाली, "शुक्रवारी पानी बदललं व्हतं हे आमाला बी ठावं व्हतं."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"इचारलं कोन?"

ती भाकरी खात राहिली. खरंच, चौकशीत हौदावर येऊन कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. कागद जुळत होते.

नंतर मी साहेबांकडे जाऊन लिहिलेला कागद दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं आता संपलं, आणि थोडं बरंही वाटलं. पण त्यांनी कागदाची घडी करून मला परत दिली.

"हे सरकारकडे कळवलं तर परवाना जाईल," ते हळू आवाजात म्हणाले. "परवाना गेला तर ह्या शेडमधल्या दीडशे माणसांचं काम जाईल. तुमच्या मनाच्या समाधानासाठी मी ते करू का? सांगा."

मी कागद खिशात ठेवला. मला समाधान हवं होतं हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

"त्या बाईंना बोलवा परत," ते म्हणाले. "हौदावरच. मी सही करतो. आणि तुम्ही तिथेच राहा. वही तुम्हीच लिहायची."

मावशी परत आल्या. मी दुसऱ्यांदा जाऊन त्यांना बोलावून आणलं. गावाकडच्या खोलीला कुलूप घालताना त्यांनी दोनदा ओढून बघितलं आणि तिसऱ्यांदा पुतण्याच्या बायकोला ओढून बघायला सांगितलं. हौदावरच्या बायकांनी त्यांना त्यांची जुनी जागा दिली, उजेड येतो ती. मला वाटलं होतं, तिथे बसल्या की हळूहळू सगळं पूर्ववत होईल.

तसं झालं नाही. पूर्वी बाकीच्या टाकी त्यांच्यापुढे धरायच्या. आता मावशी प्रत्येक टाकी पाण्यातून काढायच्या आणि शेजारणीपुढे धरायच्या. "बघ गं, हाय का न्हाई?" शेजारीण बघायची, मग मावशी पुन्हा बघायच्या, आणि मगच ठसा मारायच्या. दिवसाला शंभर व्हायच्या तिथे चाळीस-पन्नास होऊ लागल्या. शेजारणीचंही काम मागे पडायचं, पण ती कधी कुरकुरली नाही. मी मावशींना एकदा म्हणालो, "तुमची नजर पहिल्यासारखीच आहे, मावशी. चूक माझी होती."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "डोक्याला ठावं हाय. हाताला पटत न्हाई."

मी त्यांच्या आकड्यांवर कधी शेरा मारला नाही, आणि कोणी विचारलं तर ठरवून ठेवलं होतं, की त्या नवीन बायकांना शिकवतात म्हणून कमी होतात असं सांगायचं. पुन्हा खोटंच. पण कोणी विचारलं नाही.

भाजलेल्या बाईला मी पत्र लिहायला तीनदा बसलो. अधीक्षकांच्या पत्रात तिचं नाव नव्हतं, नुसतं "स्वयंपाकीण" असं होतं. काय मायना लिहावा तेच ठरेना आणि पत्र राहून गेलं. नाव नव्हतं हे कारण पुरेसं नाही. विचारून घेता आलं असतं.

मावशींनी आणखी तीन वर्षं काम केलं. मी त्या कारखान्यातच राहिलो, पुढे त्या खात्याचा प्रमुख झालो. नव्या मुलांना कामावर घेताना मी त्यांना कागद नीट ठेवायला शिकवायचो. चौकशी असली की कागद बघायच्या आधी हौदावर जाऊन बायकांना विचारायचं, असा मी खात्यात नियम घातला. लोक म्हणायचे, चांगला नियम आहे. तो कसा आला ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. तो नियम वहीत लिहिताना खाली कारण लिहायची जागा होती, ती मी कोरी ठेवली.